फॉर्मवरची दुसरी रेघ

हा लेख खरं तर नानांनी लिहायचा होता. नाना म्हणजे धुळ्यात देवपुरात माझ्या घरासमोर राहणारे, कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवून निवृत्त झालेले प्राध्यापक. गर्भपात आणि नीती या विषयावर या अंकासाठी त्यांना लेख मागितला होता. नाना कामाला लागले. जुनी टिपणं काढली, कागदावर चार रकाने आखले आणि श्रावणातल्या एका सकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसले.

"सिस्टर, तुमच्याकडून दोन-तीन उदाहरणं मिळाली तर बरं. लेख फार कोरडा होतोय."

उदाहरणं! तेहतीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत नर्स होते, त्यातली बावीस बायकांच्या वॉर्डात. मूळची मी भुसावळची, वडील रेल्वेत. टापटीप आणि सुवाच्य अक्षर या दोन गोष्टी मी घरून आणल्या, आणि त्याच दोन गोष्टींनी पुढे काय करून ठेवलं ते मला सांगायचं आहे. माझ्या समोरून गेलेल्या बायका नानांच्या लेखाला ओलावा आणायला जन्मल्या नव्हत्या. मी चहा ठेवला खरा, पण त्या दिवशी तापलेलं डोकं अजून थंड झालेलं नाही. शेवटी नानांनीच हात टेकले आणि म्हणाले, तुम्हीच लिहा. का म्हणाले ते पुढे येईल. नावं सगळी बदलली आहेत आणि गावंही मोघम ठेवली आहेत. त्याबद्दल मला कुणी खोदून विचारू नये.

तर नानांनी मला पहिला रकाना वाचून दाखवला. नाना रावेरकडचे, घरची केळी. म्हणून दाखलाही केळीचाच. "केळीच्या बुंध्याला पिलं फुटतात. शेतकरी एक ठेवतो, बाकीची कापतो. त्याला कुणी पापी म्हणत नाही. पण मूल म्हणजे केळीचं पिलू नव्हे. मग नेमका फरक कुठे पडतो?"

"शेतकरी केळीला विचारत नाही नाना," मी म्हटलं. "बाईला विचारता येतं. फरक तिथे पडतो."

नाना हसले. "हे उत्तर झालं नाही सिस्टर. पोटात जीव आहे की नाही, हा प्रश्न बाईला विचारून सुटत नाही."

मान्य. पोटात काहीच नसतं, नुसता गोळा असतो, असं छातीठोक सांगणाऱ्यांशी माझंही पटत नाही. मी या हातांनी ते उचललं आहे. काहीतरी असतंच. ते किती असतं, आठवड्यागणिक किती वाढतं, त्याचं आपण किती देणं लागतो, यावर शहाण्या माणसांनी जरूर भांडावं. पण ते हवेत लटकलेलं नसतं, कुणाच्या तरी अंगात असतं. नानांच्या चार रकान्यांत गर्भ होता, समाज होता, बाप होता आणि कायदा होता. त्या अंगाला रकानाच नव्हता. मी ते बोलून दाखवलं तर नाना म्हणाले, "ती गृहीतच आहे." गृहीत! हा शब्द ऐकला की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, कारण मीही तिला वर्षानुवर्षं गृहीतच धरलं होतं.

ज्यांना दवाखान्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं कामाचं सांगते. आम्ही या कामाला एमटीपी म्हणतो. खेड्यातल्या बाया 'खाली करनं शे' म्हणतात. दिवस थोडे असतील तर गोळ्या, जास्त असतील तर पिशवी साफ करायची. किती आठवड्यांपर्यंत, कोणत्या कारणाने, किती डॉक्टरांच्या मताने, हे सगळं कायद्यात बांधून दिलेलं आहे. बाईचं नाव वेगळ्या रजिस्टरात जातं आणि ते रजिस्टर कुलपात राहतं. आणि एक संमतिपत्र असतं. बाई सज्ञान असेल, तिचं डोकं ठिकाणावर असेल, तर त्यावर एकाच माणसाची सही लागते. तिची. नवऱ्याची लागत नाही, बापाची लागत नाही, सासूची तर नाहीच नाही. फॉर्मवर सहीसाठी एकच रेघ होती. ती एकच का, हे मी कधी कुणाला विचारलं नव्हतं.

धुळे जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या दवाखान्यात मी होते तेव्हाची गोष्ट. तिथले मोठे डॉक्टर स्वभावाने भित्रे, पण हात फार चांगला. एकदा एका बाईचं काम झालं आणि चौथ्या दिवशी तिचा नवरा चार माणसं घेऊन आला. "माले न इचारता कसं करं?" म्हणत त्याने टेबलावरची काच फोडली. साहेबांच्या हाताला दोन टाके पडले, ते मीच घातले. टाके घालताना साहेब म्हणाले, "सिस्टर, यापुढे नवऱ्याची सही घेतल्याशिवाय एकही केस टेबलावर घ्यायची नाही."

सही घ्यायची तर घ्यायची कुठे? फॉर्मवर जागा नव्हती. मग मी एक कोरा फॉर्म घेतला, बाईच्या सहीच्या खाली पट्टीने दुसरी रेघ मारली आणि तिच्याखाली माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं, 'पतीची सही'. लाकडी पट्टीला शेवटाकडे एक खाच होती, त्यामुळे तिथे पेन जरा वर उडालं आणि रेघेला बारीकसं टेंगूळ आलं. पुन्हा मारावी असं वाटलं होतं, पण वॉर्डात हाक आली. त्याच कागदाच्या झेरॉक्स काढल्या. साहेब खूश. कामाला आलेल्या शिकाऊ मुली म्हणायच्या, "सिस्टरचा फॉर्म किती छान आहे." मुली शिकून गेल्या, बदलीने गेल्या, खाजगी दवाखान्यांत लागल्या, आणि जाताना नमुना म्हणून माझा फॉर्म घेऊन गेल्या. मला अभिमान वाटायचा हो. खोटं कशाला सांगू?

एका वर्षात तो फॉर्म सरकारी झाला. म्हणजे सरकारने केला नाही, आम्हीच केला. कागदावर रेघ आहे म्हटल्यावर ती कुठून आली हे कुणी विचारत नाही. मी स्वतःसुद्धा बायांना सांगायला लागले, "नियम आहे बाई, मालकाची सही लागते." माझ्याच हाताने मारलेल्या रेघेला मी नियम म्हणत होते आणि मला त्याचं काही वाटत नव्हतं.

त्या रेघेवर सही करायला एक जण तर अगदी तयारीत आला होता. चांगले कपडे, खिशाला पेन. बायको मागे, डोक्यावर पदर, तिसरा महिना संपत आलेला. आधीच्या दोन मुली. "सही कोठे करू सिस्टर?" त्याने येताच विचारलं. बाहेर कुठेतरी मुलगा की मुलगी याची तपासणी करून आले होते हे कळायला मला डॉक्टर असण्याची गरज नव्हती. मी दोघांच्या सह्या घेतल्या, त्याला केसपेपर काढायला पाठवलं आणि तिला विचारलं, "तुझ्या मनात काय आहे?"

तिने पदर मागे सारला. मग म्हणाली, "माले कोनी इचारंच नही."

मी आत जाऊन साहेबांना सांगितलं की बाईच्या मनात नाही. साहेब म्हणाले, "सही आहे ना दोघांची?" होती. फॉर्म अगदी पूर्ण होता. मी बाहेर येऊन नवऱ्याला थाप मारली की रक्त कमी आहे, महिनाभर काही करता येणार नाही. तो चिडून तिला घेऊन गेला. दीड महिन्याने आठवडे बाजारात ती दिसली. पोट सपाट होतं. तिने मला ओळखलं आणि मान खाली घातली. मान मी खाली घालायला हवी होती. पोलिसांत कळवायचं होतं, मी थाप मारून सुटका करून घेतली, आणि सुटका झाली ती माझी.

आता शेवंताचं सांगते. हे मी परवापरवापर्यंत नानांनाच काय, माझ्या नवऱ्यालाही नीट सांगितलेलं नव्हतं.

शेवंता कापूस वेचायच्या दिवसांत आली. बोटांना बोंडांचे ओरखडे. तीन लेकरं, धाकटं आठ महिन्यांचं, कडेवर. नऊ आठवडे झालेले. साहेबांनी तपासलं, कारण ऐकलं, म्हणाले करता येईल. मी तिला बाजूला बसवून सगळं समजावलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग तिने कडेवरच्या पोराचा पाय मुठीत धरला आणि विचारलं, "सिस्टर, तेले दुखी का?"

मला आधी कळलंच नाही ती कुणाबद्दल विचारतेय. पोटातल्याबद्दल विचारत होती. मी म्हटलं, "नाही गं. एवढ्या लहानाला दुखत नाही."

"मंग माले दुखनं तं चाली," ती म्हणाली.

नाना, तुमच्या चारही रकान्यांतला प्रश्न त्या अंगठेबहाद्दर बाईने तीन शब्दांत विचारला होता. बायका हे सहज, मजेत करतात असं जे लोक भाषणांत सांगतात, त्यांना माझ्या वॉर्डात एक दिवस उभं करायला हवं होतं. बावीस वर्षांत मी सहज आलेली बाई पाहिली नाही. जीवाचा विचार त्या खोलीत सगळ्यांत जास्त कुणी केला असेल तर तिने. साहेबांनी नाही, मीही नाही. आम्ही फॉर्मचा विचार करत होतो.

तिने अंगठा उठवला. मी दुसऱ्या रेघेवर बोट ठेवलं. "मालक कुठे आहेत?"

"तो सुरतले शे. कापडाना मागावर. महिना झाया, फोन लागत नही."

"मग सही झाल्यावर ये."

तिने त्या रेघेकडे पाहिलं. मग चढ्या आवाजात नाही, अगदी साधेपणाने, खरोखरच माहीत करून घ्यायचं असल्यासारखी म्हणाली, "आंग मनं शे सिस्टर. सही तेनी कसाले?"

मी आवाज चढवला. "नियम आहे, सांगितलं ना? मागे किती बाया बसल्यात बघ." शेवंता उठली, लेकरू कडेवर घेतलं आणि दारातून बाहेर गेली. मी पुढच्या बाईचं नाव पुकारलं.

बाराव्या दिवशी तिला ॲपे रिक्षात घालून आणलं. गावातल्याच कुणीतरी गर्भ पाडायला काडी घातली होती. अंग तापाने फणफणत होतं, पोट फळीसारखं घट्ट. धुळ्याला न्यायची व्यवस्था होईपर्यंत मी तिच्याजवळ होते. तिने मला ओळखलं की नाही, सांगता येत नाही. धुळ्याला पोचल्यावर दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

आणि मग तिचा नवरा सापडला. नातेवाइकांनी निरोपावर निरोप पाठवले, तो सुरतेहून आला आणि मृतदेह ताब्यात घ्यायच्या कागदावर त्याने सही केली. आमच्याकडच्या कागदपत्रांसाठी मी धुळ्याला गेले होते, म्हणून ती सही मी पाहिली. स्वच्छ, पूर्ण नावाची सही. हीच सही हवी होती ना आम्हाला? मिळाली.

मृत्यूची चौकशी झाली. आमच्या दवाखान्यावर ठपका आला नाही. येणार कसा? पहिल्या खेपेचा तिचा अंगठ्याचा फॉर्म अपुरा म्हणून मीच फाडून टाकला होता. कागदोपत्री शेवंता आमच्याकडे पहिल्यांदा आली ती मरायला टेकलेली.

तीन-चार महिन्यांनी जळगावला प्रशिक्षण होतं. शिकवणाऱ्या बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, फक्त स्त्रीची संमती. मी हात वर करून विचारलं, "आणि पतीची सही?" बाई म्हणाल्या, "कायद्यात कुठेही नाही. कुणी सुरू केलं कोण जाणे, पण जिथे जावं तिथे मागतात." सगळा हॉल टिपून घेत होता. माझा हात वरच राहिला होता, तो शेजारणीने खाली ओढला.

परत येऊन मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "मागच्या वेळी काच फुटली. पुढच्या वेळी डोकं फुटेल. असू द्या ती रेघ." आणि मी असू दिली. उरलेली सगळी नोकरी असू दिली. एखादी बाई अगदीच अडलेली दिसली की त्या रेघेवर मी स्वतःच 'पती बाहेरगावी' लिहून टाकायची आणि मनात म्हणायची, बघ, किती धीट आहेस. कसली धीट? पांढरी शाई लावून एक रेघ पुसायची होती, नवा कागद झेरॉक्सला द्यायचा होता. तेवढं झालं नाही.

एवढं सगळं नानांना त्या सकाळी सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की, "तुमच्या लेखात सही कुणाची लागावी ते लिहा." नाना म्हणाले, "मूल दोघांचं असतं सिस्टर. बापालाही म्हणणं असू शकतं." मी म्हटलं, "असू द्या की. म्हणावं त्याने, रडावं, भांडावं, तिने ऐकून घ्यावं. पण म्हणणं वेगळं आणि कुलपाची किल्ली वेगळी." नानांनी ते टिपून घेतलं आणि 'तरीही' असं म्हणत फाटक लावून गेले.

पंधरा दिवसांनी नाना पुन्हा आले. या खेपेला हातात वही नव्हती. मागे त्यांची मुलगी उभी होती. तिला इथे अनघा म्हणते, आणि तिच्या परवानगीने लिहिते. सासर जळगावला. दहा आठवडे झाले होते आणि तिला ते पुढे न्यायचं नव्हतं. कारण काय, ते मी लिहिणार नाही. लिहिलं की तुम्ही ते पटतं का नाही हे तोलायला बसाल, आणि मला नेमकं तेच नको आहे. तिने ते डॉक्टरांना सांगितलं, ते कायद्यात बसत होतं, विषय संपला. पण नवरा सही देत नव्हता. "आमच्या घरात हे चालत नाही," एवढंच म्हणत होता. आणि जळगावच्या त्या खाजगी दवाखान्यात सहीशिवाय पुढे सरकत नव्हते. ती फॉर्म घेऊन माहेरी निघून आली होती.

"सिस्टर, हिचं म्हणणं, कायद्यात असं नाही," नाना म्हणाले. त्यांचा आवाज वर्गात शिकवायचा राहिला नव्हता. "तुम्ही बघता का जरा?"

मी कागद घेतला. झेरॉक्सची झेरॉक्स, तिचीही झेरॉक्स, अक्षरं काळवंडलेली. वर बाईच्या सहीची रेघ. खाली दुसरी रेघ, 'पतीची सही', वळणदार अक्षरात. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. रेघेच्या शेवटाकडे ते बारीकसं टेंगूळ होतं.

त्या ओट्यावर बसून मी दोघांना सगळं सांगितलं, शेवंतासकट. नाना ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "लेख तुम्हीच लिहा." अनघा मात्र माझ्याकडे अशी बघत होती की मला ती नजर झेपेना. ती म्हणाली, "काकू, मग आता चला माझ्याबरोबर."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही तिघं जळगावला गेलो. काउंटरवर बावीस-तेवीस वर्षांची मुलगी होती. मी तिच्यासमोर पेन काढलं आणि दुसऱ्या रेघेवर आडवी काट मारली. मुलगी ओरडली, "अहो आजी, सरकारी फॉर्म आहे तो! खाडाखोड चालत नाही!"

"ही रेघ मी मारलीय, बाळ," मी म्हटलं. ती हसली. तिला वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिघडलंय.

आवाज ऐकून आतल्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी नियम सांगितला, त्यांनी तो नाकारला नाही. "बरोबर आहे तुमचं," म्हणाल्या, "पण आमच्याकडे पहिल्यापासून हाच फॉर्म आहे." त्यांनी अनघाची एकटीची सही घेतली आणि तिला आत नेलं. काम नीट झालं. नाना बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते.

अनघा आत असतानाच काउंटरच्या मुलीने ड्रॉवरमधून नवा फॉर्म काढला आणि पुढच्या बाईला हाक मारली. ती एकटीच होती, पायाशी पिशवी. मुलीने कागदावर बोट ठेवलं. "मिस्टर आलेत का?"

"नाही आले."

"मग सही झाल्यावर या."

शब्द न शब्द माझे होते, आवाज तेवढा दुसऱ्याचा. त्या बाईने काही वाद घातला नाही. पिशवी उचलली आणि ती दाराकडे निघाली. माझे गुडघे आता पूर्वीसारखे नाहीत, पण मी तिच्या आधी दारात पोचले आणि आडवी उभी राहिले.

"जाऊ नको बाई," मी म्हटलं. "सही तुझी एकटीचीच लागते. ती दुसरी रेघ माझी आहे. ती चुकीची आहे."